हिऱ्यात शिरलेली हवा

४ मार्च

आजपासून माझी नेमणूक हिऱ्यांच्या कारखान्यात. 'कारखाना' म्हटलेलं चिमीला खपत नाही, ती 'प्रयोगशाळा' म्हणते. प्रत्यक्षात आहे एकच खोली आणि तिच्यात कपाटाएवढं एक यंत्र. रविवारच्या पुरवणीसाठी मोठा लेख हवा, 'वाचनीय, पण अलंकारिक नको', अशी संपादकांची आज्ञा. म्हणजे पोहायचं, पण भिजायचं नाही.

चिमी माझी धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली, केसांत रुपेरी तारा आल्या, तरी माझ्या तोंडी चिमीच. तिचा भागीदार हा तिचा कॉलेजातला वर्गमित्र. त्याला सगळे घट्टराव म्हणतात. हाताला लागेल ते झाकण, स्क्रू, नळ हा माणूस जाता जाता एकदा आवळून ठेवतो. चांगली कायमची नोकरी सोडून तो चिमीबरोबर हिरे पिकवायला आला. आवळण्याची हौस माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

"दादा, तू इथे बसायचं," चिमीने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "कशालाही हात लावायचा नाही. हात खिशात."

"दोन्ही?"

"लिहायला एक काढ."

हे हिरे अंगठीत घालायचे नाहीत. शरीरातल्या गाठींवर किरणांचा मारा करतात, तेव्हा नेमका किती मारा बसला हे मोजायला हिऱ्याची नखाएवढी पट्टी लागते. हिरा म्हणजे कार्बन, आणि आपल्या देहातही कार्बन भरपूर. त्यामुळे देहाला जे लागलं ते हिऱ्याला बऱ्यापैकी तसंच लागतं. ही पट्टी मोजमाप केंद्राच्या चाचणीत उतरली, तर पुढची सगळी कामं ह्या दोघांना. नाही उतरली, तर ही खोली देणारी संशोधन संस्था ती काढून घेणार. खोलीसाठी रांग लागलेली आहे.

जमिनीवर काही ठेवायची सोय नाही, ढकलगाडी फिरते. पण रिकाम्या खोक्यांच्या मागे, भिंतीलगत, एक बारीक चकचकीत नळी गेली आहे. तिच्या वळणावर माझी पिशवी खुंटीवर बसावी तशी बसली. पिशवीत कोश. (मी संस्कृत कोशाशिवाय घराबाहेर पडत नाही. आमची सौभाग्यवती म्हणते, लोक छत्री नेतात.)

६ मार्च

यंत्र समजलं, किंवा समजलं असं वाटण्याइतपत समजलं. तळाशी हिऱ्याचीच एक पातळ चकती ठेवतात. ते तिला 'सीड' म्हणतात, मी बीज म्हणतो. मग आतली सगळी हवा उपसून काढायची, हायड्रोजन सोडायचा, त्यात चवीपुरता मिथेन, आणि सूक्ष्मलहरींनी तो वायू असा पेटवायचा की त्याचा तेजाचा गोळा होऊन बीजावर तरंगत राहतो. मिथेनमधला कार्बन सुटतो आणि बीजावर थरावर थर बसत जातो. एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. समोरच्या खिडकीला काळी काच आहे. बाजूला साध्या काचेची एक लहानशी खिडकी आहे, तिच्यासमोर मी.

"किती वाढला?" मी विचारलं.

"केसाच्या जाडीहून थोडा जास्त," चिमी म्हणाली.

"कालपासून?"

"हो."

"आपण दोघं याहून भरभर वाढलो."

"तू नाही वाढलास."

घट्टरावाला विचारलं, ह्याला सर्वांत मोठा धोका कशाचा? तो म्हणाला, "हवेचा, दादा. ही बाहेर फुकट मिळते ती. तिच्यात नायट्रोजन असतो. त्याचा अणू कार्बनच्या जागेवर जाऊन बसला की..."

"की?"

"की बसला. मग उठत नाही."

असे पाहुणे मला ठाऊक आहेत.

९ मार्च

चिमी संस्थेच्या बैठकीला गेली होती, घट्टराव डबा खायला. खोलीत मी आणि तो गोळा. माझ्या खिडकीतून पाहिलं, तर गोळ्याच्या कडेला बारीकशी जांभळट झाक. काल नव्हती. ताबडतोब टिपून ठेवलं : 'तेजाच्या गोळ्याने आज जांभळी किनार नेसली.' वाक्य जमलं.

घट्टराव आल्यावर त्याला सांगणार होतो. पण आल्या आल्या तो माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण आवळायला लागला आणि ते राहून गेलं. शिवाय छापून येण्याआधी वाक्य कोणाला ऐकवलं की त्याची वाफ जाते, असा माझा अनुभव आहे.

१५ मार्च

पट्टी बाहेर आली. लेझरने बीजापासून वेगळी केली. कडांना काजळी, मध्ये स्वच्छ पाणी. चिमीने ती चिमट्यात धरून उजेडासमोर नेली. लहानपणी नवी बाहुली अशीच धरायची.

घट्टराव म्हणाला, "आता घासूनपुसून, विजेची टोकं जोडून पाठवू." आणि आनंदाच्या भरात खुर्चीचे स्क्रू आवळले.

२७ मार्च

पट्टी नापास.

केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं आणि चिमीने आम्हाला ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला. हिऱ्यातून किरण गेला की आत वीज सुटते. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावत गेली पाहिजे, तरच मोजमाप खरं. ह्या पट्टीत ती अर्ध्या वाटेवर अडकते. नायट्रोजन. बाई अगदी सौम्यपणे बोलत होत्या, डॉक्टर बोलतात तशा.

चिमीने फोन ठेवला आणि म्हणाली, "गळती शोधू या."

यंत्र उपसलं, एक मापक जोडला. मग घट्टराव हातात हेलियमची पिचकारी घेऊन एकेका सांध्यावर फवारत निघाला. जिथे गळती असेल तिथून हेलियम आत शिरतो आणि काटा उडतो. सगळे सांधे ठीक. शेवटी त्याने खोकी सरकवली, माझ्या खुर्चीमागच्या नळीच्या वळणाशी पिचकारी धरली, आणि काटा उडाला.

"हा सांधा कोणी बसवला?" चिमीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"मी."

"मिथेनची नळी आहे ही. यंत्र चालू असताना हिच्यात बाहेरच्यापेक्षा दाब कमी. सांधा जरा सैल, की सारखी हवा आत." ती त्याच्याकडे वळली. "तू, घट्टराव? तू?"

त्याने पाना घेतला आणि सांधा आवळला. मग पुन्हा आवळला, आणि पुन्हा.

माझी पिशवी माझ्या खांद्यावर होती. सांधा जिथे होता तिथेच मी ती रोज टांगत होतो. कोश जाडजूड आहे.

मी काही बोललो नाही. त्या क्षणी बोलणं औचित्याला धरून नव्हतं.

२८ मार्च

गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. डोकं दुखत नाही.

मी यंत्रज्ञ नाही. पिशवीने सांधा सैल होतो की नाही हे मला कसं कळणार? उगाच अर्धवट माहितीवर काहीतरी बोलून त्यांचा गोंधळ वाढवायचा नाही. जांभळ्या झाकेचंही तेच. ती मला सुंदर वाटली, एवढंच माझं ज्ञान.

दुपारी चिमीला फोन करून अगदी सहज विचारलं, आत हवा शिरली की गोळ्याचा रंग बदलतो का गं? ती म्हणाली, "कडेला जांभळा होतो. पण डोळ्याला दिसला तर बरीच शिरली समजायची. आमचं वर्णपट मोजणारं यंत्र दुरुस्तीला गेलंय, नाहीतर त्याच दिवशी थांबवून नवं बीज लावलं असतं. का रे?"

"लेखासाठी," मी म्हणालो.

२ एप्रिल

लेख लिहून दिला. मला मार्ग सापडला आहे. वाचनात आलं की काही हिऱ्यांत नायट्रोजन मुद्दाम घालतात. त्याच्या शेजारची एक जागा रिकामी राहिली, की ती जोडी अतिसूक्ष्म चुंबकत्वसुद्धा ओळखते. पुंजयंत्रं, म्हणजे ते 'क्वांटम' म्हणतात ती, ह्यावरच उभी राहणार. मग काय पाहिजे! मोजमापाला जो दोष, तो पुंजविद्येला गुण. शीर्षक : 'दोष हाच गुण'. एका अपयशाला अशी सुरेख कलाटणी देता आली ह्याचं समाधान आहे. घट्टरावालाही हायसं वाटेल.

गळतीचा उल्लेख एकाच वाक्यात, ओझरता : 'किंचित सैल राहिलेल्या एका सांध्यातून हवा शिरली आणि...' कोणाचं नाव घेतलेलं नाही.

७ एप्रिल

काल छापून आला. संपादक खूश. जांभळ्या किनारीचं वाक्य मी काढून टाकलं होतं. संपादक म्हणाले, मध्ये काहीतरी रंग हवा होता.

८ एप्रिल

चिमी सकाळीच घरी आली. चहा घेतला नाही.

"हे काय लिहिलंयस?"

"का? चांगलं लिहिलंय. लोकांचे फोन येतायत..."

"मलाही येतायत! दोन प्रयोगशाळांनी पट्टी मागितलीय. मी त्यांना एकेकाला सांगत बसलेय की बाबांनो, तसं काही नाही. पुंजकामाला नायट्रोजन मोजून लागतो, ठरलेल्या थरात लागतो, बाकी हिरा निर्मळ लागतो. आमच्यात हवा घुसलीय, कुठेही, कशीही. दुधात माशी पडली म्हणून ते पौष्टिक म्हणून विकायचं का?"

उपमा उत्तम होती. ते मी बोललो नाही, एवढी अक्कल शिल्लक होती.

"आणि 'सैल राहिलेला सांधा'," ती म्हणाली. "ह्या धंद्यात सांधे कोण बसवतं हे कोणाला माहीत नाही? त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकानं वाचलंय. त्याच्या जुन्या कचेरीतून एकानं फोन करून विचारलं, काय घट्टराव, आता सैलराव म्हणायचं का? काल त्यानं खोलीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाला, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही. संस्थेनं आपल्याला आणखी एक संधी दिलीय, ते काम तू दुसऱ्या कोणाला घेऊन कर."

"तू थांबवलं नाहीस?"

"कसं थांबवू? सांधा त्यानंच बसवला होता ना?"

हा प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा खरंच नको?"

१० एप्रिल

अलंकारशास्त्रात अपह्नुती नावाचा एक अलंकार आहे. खरं असेल ते लपवायचं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी शोभिवंत मांडायचं. शिकताना मला तो फार आवडायचा. गेले काही दिवस मी तो अंगावर घालून हिंडतो आहे आणि आता तो टोचतो.

सौभाग्यवतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "अहो, पण हे मला का सांगताय? मी हिरा आहे का?"

"सांगून टाकावं म्हटलं."

"मग चुकीच्या घरात सांगितलंत."

११ एप्रिल

चिमीच्या प्रयोगशाळेत गेलो. ती एकटीच नवीन बीज धूत होती. मी दारातूनच सांगितलं : पिशवी, नळी, जांभळी किनार. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मग एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"गळती सापडली तेव्हाच."

"तेव्हाच." तिने बीज कोरडं केलं, डबीत ठेवलं. "म्हणजे लेख त्याच्यानंतरचा."

"हो."

"हात खिशात ठेव म्हटलं होतं. पिशवीचं बोलले नाही, ती माझी चूक. टांगलीस, ती तुझी. ह्या दोन्ही मी गिळीन, दादा. पण तो पाना धरून उभा होता, आवळलेला सांधा पुन्हा पुन्हा आवळत होता, आणि तू बघत होतास." ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "मला काय सांगतोस? त्याला जाऊन सांग."

मी निघालो तेव्हा तिने मागून हाकही मारली नाही. एरवी ती मला जिन्यापर्यंत तरी सोडते.

१२ एप्रिल

घट्टरावाकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवली आणि दारात आल्यावर ती सगळी सोडून दिली, हे एक बरं केलं.

त्याने ऐकून घेतलं. मग हसला. कितीतरी दिवसांनी हसला असावा, कारण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही.

"दादा, तुम्ही मोठ्या मनाचे आहात."

"अरे, मन कसलं! माझी पिशवी..."

"नाही नाही. मला आठवतंय ना सगळं. तो सांधा बसवताना पाना एकदा निसटला होता. मी म्हटलं, पुन्हा आवळू. आणि तेवढ्यात काहीतरी निघालं, विसरलो. रोज डोळ्यासमोर येतं." त्याने हाताने हवेत पाना धरून दाखवला, तो कसा निसटला तेही. "तुम्ही लेखात त्या दोषाचा गुण केलात. आता दोषच स्वतःवर घेताय. तुमच्यासारख्या लेखकाला ते जमतं. पण मला खोटा आधार नको."

पाना निसटलाच नव्हता. माझी खात्री आहे. तो निसटलेला पाना ह्या माणसाने गेल्या काही दिवसांत एकट्याने बसून घडवला होता, आणि घडवायला साहित्य मी पुरवलं होतं.

निघताना त्याने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. मला आयुष्यात इतकं उघडं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

चिमीने त्याला फोन करून बोलावलं. "यायचं नाही म्हणू नकोस. बघून जा, मग जा."

तिने त्या वळणावर नवा सांधा बसवला होता. घट्टरावाने तो स्वतःच्या हाताने आवळून पाहिला. यंत्र उपसलं, हेलियम फवारला, काटा जागेवर. "आता टांग," चिमी मला म्हणाली.

दोघांसमोर मी पिशवी टांगली. लग्नात उभं राहताना इतका अवघडलो नव्हतो. नळी किंचित वाकली. पुन्हा फवारलं. काटा लगेच हलला नाही, आणि मला लाज वाटते हे लिहायला, पण एक क्षण मला सुटल्यासारखं झालं. मग चिमीने हाताने पिशवी झुलवली, मी उठता-बसता माझ्या खांद्याने ती झुलायची तशी, आणि काटा उडाला. पिशवी काढली. काटा पूर्ण खाली आला नाही.

सांधा सैल झाला होता. घट्टरावाने पिशवी उचलून वजन पाहिलं, कोश बाहेर काढला.

"ह्यात 'सैल'ला काय शब्द आहे?"

"शिथिल."

"चांगला आहे," तो म्हणाला. "लेखात तो घालायचा होतात. आमच्यातल्या कोणाला कळला नसता."

त्याने कोश मला दिला. किल्ल्या अजून चिमीच्या टेबलावर होत्या. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला, पण उचलल्या नाहीत. "उद्या येतो," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादा, मी घरी सांगितलं होतं की चूक माझीच. भांडून सांगितलं होतं. आता ते मी कसं फिरवू? तुम्ही सांगा."

१६ एप्रिल

खुलासा लिहून संपादकांना दिला. 'सैल राहिलेला नव्हे, मी सैल केलेला.' ते म्हणाले, वाचकांना ह्यात काय रस? मी म्हटलं, छापा, नाहीतर पुढचा लेख दुसऱ्या कोणाकडून घ्या. आतल्या पानावर कोपरा मिळाला आहे.

मग घट्टरावाच्या घरी. तो प्रयोगशाळेत गेला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराबाहेर चपलांची फळी, तिचे सगळे स्क्रू चकचकीत. मी आत गेलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकही विशेषण न लावता. ती कडीवर हात ठेवून ऐकत होती.

"मी ह्याला पहिल्या दिवसापासून सांगत होते," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या हातून सांधा सैल राहायचाच नाही. ह्याचं एकच : मग छापून कसं आलं? अंथरुणातून उठून नळ बघायचा. गॅस बघायचा. पुन्हा बघायचा. हात सोलवटलेत त्याचे."

"चूक माझी आहे."

"ते कळलं. इतके दिवस गप्प का होतात?"

मला पुष्कळ शब्द येतात. त्यांतला खरा एकच होता. "लाज वाटत होती."

"लाज?" ती म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "ती तर सगळी ह्या घरात होती. जेवताना, झोपताना. मुलांसमोरसुद्धा हा मान वर करत नव्हता. मग तुमच्याकडे ती कुठून उरली?"

तिने दार लावलं नाही. उत्तर ऐकायला ती तशीच उभी राहिली, आणि मीही तिथेच उभा राहिलो.